बटण दाबलं, तरी लॅपटॉप ढिम्म

परवा रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. ती घरी दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. सराव पेपर, मुलांचे मार्क, फीचा हिशेब, सगळं एकाच लॅपटॉपमध्ये.

"अरे, लॅपटॉप गेला बघ."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. दुपारी चांगला चालू होता. आता बटण दाबतेय तर काही नाही."

"काहीच नाही? बाजूचा दिवा? पंख्याचा आवाज?"

"थांब हं... दिवा लागलाय की. पांढरा. पण स्क्रीन काळी ठिक्कर."

दिवा लागलाय हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. दर पावसाळ्यात असे 'गेलेले' लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. 'चालू होत नाही' असं सगळेच सांगतात, पण बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते फारच थोडे जण बघून येतात. खरं तर निम्मं निदान तिथेच होतं आणि त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

आधी नुसतं बघा

खोलीतला पंखा बंद करा, लॅपटॉपला कान लावा आणि बटण एकदाच, दोन सेकंद दाबा. रागाने दहा वेळा दाबू नका. काय दिसतं, काय ऐकू येतं ते लक्षात ठेवा.

दिवा नाही, आवाज नाही, काहीच नाही, तर वीज आत पोचत नाहीये किंवा बोर्ड, म्हणजे आतला मदरबोर्ड, ती स्वीकारत नाहीये. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी, तर मशीन बहुधा जिवंत आहे आणि भानगड स्क्रीनची किंवा रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीची, आहे. दोन-तीन सेकंद चालू होऊन परत बंद पडत असेल तर शॉर्ट, रॅम किंवा प्रोसेसर तापणं यांच्यावर संशय घ्यायचा. आणि कंपनीचा लोगो येऊन गाडी तिथेच अडत असेल, तर लॅपटॉप सुरू झालेलाच आहे, अडलंय ते विंडोज. त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. विंडोज सुरू होत असतानाच बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलंत की दुरुस्तीचा निळा स्क्रीन आपोआप येतो. तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या विंडोजमध्ये, जाता येतं किंवा शेवटचं अपडेट काढता येतं.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: काल रात्री बंद करताना अपडेट चालू होतं का? हल्ली विंडोज अपडेटबरोबर बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी लॅपटॉप जागा करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचं, अपडेटही येतं. ते चालू असताना काही मॉडेलांची स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, पंखा मात्र जोरात फिरतो. तसा संशय असेल तर चार्जर लावून अर्धा तास हात लावू नका. बायोस अर्धवट लिहिला गेला, तर खरोखरच दुकान गाठावं लागतं.

भिंतीपासून सुरुवात

हसू नका, पण पहिली तपासणी सॉकेटची. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्पाइक गार्ड बाजूला ठेवा आणि ॲडॅप्टर थेट भिंतीत लावा. ॲडॅप्टरच्या ठोकळ्यात घुसणारी वायर तिथे सैल होते. ती काढून घट्ट बसवा. तशीच तीन भोकांची वायर दुसरी मिळाली तर बदलून बघा. आमच्याकडे एकदा उंदराने टेबलामागे ती बरोबर अर्धी कुरतडली होती आणि वरून काही दिसत नव्हतं.

मग ॲडॅप्टरवरचा दिवा. भिंतीत लावल्यावर तो लागतो का? लागत असेल, तर पिन लॅपटॉपमध्ये घालताना त्याच्याकडेच बघत राहा. पिन घालताक्षणी दिवा विझला आणि काढल्यावर परत लागला, तर दोन शक्यता आहेत: लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि ॲडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय, किंवा ॲडॅप्टरच इतका थकलाय की भार आला की मान टाकतो. दुसरा ॲडॅप्टर लावून बघितला की कोणतं ते कळतं.

दुसरा म्हणजे कुठलाही नव्हे. ॲडॅप्टरच्या पोटावरच्या लेबलवर 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर, तेही ६५ वॅट. व्होल्टेज मूळ ॲडॅप्टरइतकंच हवं. अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ४५ वॅटचा ॲडॅप्टर ६५ वॅटच्या मशीनला लावला तर कधी चालू होतं, कधी होत नाही, आणि आपण उगाच मदरबोर्डला दोष देत बसतो. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून ॲडॅप्टर लॅपटॉपला आपली ओळख पटवतो. ती वाकली किंवा तुटली, तर वीज मिळते पण बॅटरी चार्ज होत नाही. बॅटरी हळूहळू संपते आणि एक दिवस सगळंच बंद. टॉर्च मारून पिनच्या आत डोकावून बघा.

नवा ॲडॅप्टर घेताना लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. आपल्याकडे ॲडॅप्टरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. बिनलेबलाचा स्वस्त ॲडॅप्टर महिनाभर चालतो आणि जाताना सोबत लॅपटॉपच्या चार्जिंगचा आयसी, म्हणजे चिप, घेऊन जातो.

घरात मल्टीमीटर असेल तर गोल पिनचा ॲडॅप्टर तपासणं सोपं आहे. एक टोक पिनच्या आतल्या नळीच्या भिंतीला, दुसरं बाहेरच्या भागाला. मात्र मीटर डीसीच्या २०० वर ठेवा. २० वर ठेवलात तर २० व्होल्टच्या ॲडॅप्टरला मीटर डावीकडे नुसता '१' दाखवतो, कारण त्याची पट्टी १९.९९ लाच संपते. तो '१' बघून चांगला ॲडॅप्टर टाकून देणारा एक विद्यार्थी मी पाहिलाय.

टाइप-सी चार्जरला ही युक्ती चालत नाही. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो वीज सोडतच नाही, आणि सोडली तरी आधी ५ व्होल्टच. लॅपटॉपने मागितल्यावर मग ९, १५ किंवा २० व्होल्ट देतो. इथे लोक सर्रास फसतात ते मोबाइलच्या चार्जरने. खोक्यावर ६७ वॅट लिहिलेलं असतं, पण तो वेग त्या कंपनीच्या फोनपुरता. लॅपटॉपला त्यातून फारच कमी वीज मिळते आणि पूर्ण उतरलेली बॅटरी त्यावर उठत नाही. केबलचंही तसंच. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच नेते. त्यावर हवं असेल तर ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. लॅपटॉपला टाइप-सीची दोन पोर्ट असतील तर दुसरं वापरून बघा, कारण कित्येक लॅपटॉपांत एकाच पोर्टवर चार्जिंग असतं. पोर्टात टॉर्च मारा. बॅगेतला कापूस आणि धूळ तळाशी दाबून बसलेली असते. लाकडी टूथपिकने हळूच काढा, टाचणीने नको.

ॲडॅप्टर ठीक वाटला, तर लावून अर्धा तास तसाच राहू द्या. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी खाली जाते की सुरुवातीला ती अगदी थेंबाथेंबाने चार्ज घेते. तेवढ्या वेळात बटण दाबून उपयोग नाही.

तीस सेकंदांचा उपाय

एकच उपाय करून बघणार असाल तर हा करा. माझ्या टेबलावर आलेले कितीतरी 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यानेच उठून बसलेत.

लॅपटॉपच्या बोर्डवर मुख्य प्रोसेसरशिवाय एक छोटा कंट्रोलर असतो. बटण, चार्जिंग, पंखा, झाकण यांवर त्याचीच नजर. लॅपटॉप बंद असला तरी तो बॅटरीवर जागा असतो. वीज गेली-आली, झाकण मिटताना काहीतरी अडकलं, झोपलेला लॅपटॉप बॅगेत तापला, की कधी कधी हा कंट्रोलर गोंधळून बसतो. तो अडकला की बटण कितीही दाबा, ऐकणारच कोणी नसतं. त्याला पूर्ण उपाशी ठेवायचं, म्हणजे तो पहिल्यापासून सुरू होतो.

कृती अशी. चार्जर काढा. पेनड्राइव्ह, माऊस, एचडीएमआय, मेमरी कार्ड, लॅनची वायर, जे जे लावलेलं असेल ते काढा. जुन्या पद्धतीची खालून निघणारी बॅटरी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण पूर्ण तीस सेकंद दाबून धरा, घड्याळ बघून. मनातल्या मनात मोजलेले तीस सेकंद पंधराच भरतात. मग सोडा, मिनिटभर थांबा. बॅटरी बाहेरच ठेवून फक्त चार्जर लावा आणि बटण साधं एकदा दाबा. चालू झाला तर बंद करून बॅटरी घाला आणि पुन्हा बघा. बॅटरी घातल्यावर परत ढिम्म झाला, तर दोष बॅटरीचा.

बॅटरी आत बंद असलेल्या लॅपटॉपांत हेच करायचं, पण काहींना वेगळी वाट आहे. लेनोव्होच्या बऱ्याच थिंकपॅडांना पाठीवर टाचणीएवढं रीसेटचं भोक असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची आणि मिनिटभराने चार्जर लावायचा. चुकून स्पीकरच्या जाळीत खुपसू नका, भोकाशेजारी छोटं चिन्ह असतं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसला बटण वीस सेकंद धरावं लागतं. ॲपलच्या टी-२ चिपवाल्या इंटेल मॅकबुकात उजवी शिफ्ट, डावी ऑप्शन आणि डावी कंट्रोल या तिन्ही कळा सात सेकंद धरायच्या, त्या न सोडता पॉवरही दाबून आणखी सात सेकंद. एम-वन आणि नंतरच्या मॅकबुकांना असा वेगळा रीसेटच नाही. तिथे बटण दहा सेकंद धरून सोडायचं, चार्जर लावायचा आणि पुन्हा दाबायचं.

पहिल्यांदा नाही झालं तर दोनदा करा. माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला दर वेळी दोनदा लागतं. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दिवा लागतो, स्क्रीन काळी

आत्याची तक्रार ही. मी तिला पहिल्यांदा विचारलं, "लॅपटॉपवर काही ठेवलंयस का?"

"लॅपटॉपवर कशाला ठेवीन? टॅब टेकवलाय फक्त. मुलांचे पेपर बघायला."

टॅब होता कीबोर्डच्या खालच्या पट्टीवर, तळहात टेकतो तिथे, चुंबकाच्या कव्हरसकट. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला एका छोट्या चुंबकामुळे कळतं. झाकणात चुंबक आणि खालच्या भागात त्याला ओळखणारा सेन्सर. त्या सेन्सरजवळ बाहेरचं चुंबक आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, आणि तो स्क्रीन बंद करून झोपतो. टॅब उचलायला लावला, बटण दाबायला लावलं, स्क्रीन आली. "हे असलं कोणी सांगितलं नाही कधी," असं म्हणून तिने फोन ठेवला. चुंबकी घड्याळाचा पट्टा, पाकीटवजा मोबाइल कव्हर, एकावर एक रचलेले दोन लॅपटॉप, सगळ्यांनी हे होऊ शकतं.

चुंबकाचं नसेल तर पुढे. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन चालू आहे आणि अडचण फक्त दिसण्याची आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि स्क्रीन येऊ शकते. नाही आली, तर खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. आत पुसट अक्षरं, घड्याळ, पासवर्डची चौकट दिसली, तर चित्र येतंय आणि स्क्रीनमागचा प्रकाश तेवढा गेलाय. मग एचडीएमआयने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर नीट दिसलं तर बोर्ड, रॅम, डिस्क सगळं शाबूत. बिघाड स्क्रीनमध्ये, नाहीतर बिजागरीतून वर जाणाऱ्या केबलमध्ये. झाकण हळूहळू पुढे-मागे करताना एखाद्या कोनात चित्र येऊन जात असेल तर ती केबलच. डेलच्या लॅपटॉपांत आणखी एक सोय आहे: डी ही कळ दाबून धरून पॉवर दाबा, स्क्रीन एकामागून एक रंग दाखवते. रंग नीट आले तर स्क्रीन चांगली.

टीव्हीवरही काही नाही आणि कॅप्स लॉकही गप्प, तर माझा पहिला संशय रॅमवर.

इथे दिव्याकडे परत बघा. बऱ्याच कंपन्यांचे लॅपटॉप बिघाड दिव्याच्या उघडझापीने सांगतात. डेलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत दोनदा पिवळट आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही. एचपीत कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा, कारण डोळ्यांनी मोजताना हमखास चुकतं. मग तुमच्या मॉडेलच्या नावाने कंपनीच्या साइटवर तो आकडा शोधा.

बायोस बिघडल्याचा इशारा असेल तर दोन वाटा घरच्या घरी आहेत. एचपीत विंडोज आणि बी या कळा धरून पॉवर दोन-तीन सेकंद दाबायचं, पॉवर सोडायचं, पण त्या दोन कळा धरूनच ठेवायच्या. स्क्रीन यायला मिनिटभर लागू शकतो. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉप बंद असताना कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा, दुरुस्तीचं पान येईपर्यंत हात सोडायचा नाही.

पाठ उघडायची असेल तर

आधी वॉरंटी बघा. मागचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की तारीख कळते. वॉरंटी असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

वॉरंटी संपलेली असेल आणि हात स्थिर असेल, तर रॅम काढून घालणं अवघड नाही. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा, पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच त्या चित्रात टोचून ठेवा. हा माझा जुना नेम आहे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर थेट बोर्डात घुसतो. पाठीचा पत्रा उचकटायला चाकू नको, जुनं एटीएम कार्ड घ्या.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. वायर ओढू नका, कनेक्टरचं प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवा. मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सरकवल्या की पट्टी तिरकी उभी राहते. ती कडेने धरून काढा. सोनेरी दातांवर पांढऱ्या खोडरबराने हलका हात फिरवा, कपटे झटका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याच्या बोळ्याने पुसा. परत घालताना दात पूर्ण आत गेले पाहिजेत, चिमट्यांचा 'टक' असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकच घालून बघा, मग दुसरी, मग जागा बदलून. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना, विशेषतः डीडीआर-५ ही नवी रॅम असेल तर, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. तेवढा धीर धरा. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा सगळा खटाटोप नाही.

हा खोडरबराचा किस्सा माझ्यावरच गुदरलाय. नोकरीच्या सुरुवातीला माझा लॅपटॉप असाच काळा पडला. एका दुकानाने सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवा टाकावा लागेल. तेवढे पैसे नव्हते म्हणून घरी आणून ठेवला. दोन महिन्यांनी एका मित्राने रॅम काढली, पँटला घासली आणि परत घातली. लॅपटॉप पुढे चार वर्षं चालला. पँटला घासू नका, पण सांगायचं ते कळलं असेल.

आत बटणासारखा गोल सेल दिसला तर तो बायोसची घड्याळं-सेटिंगं सांभाळणारा, बहुतेक ३ व्होल्टचा. मीटरवर तो फारच खाली दाखवत असेल तर बदला. बॅटरी सोडवलेली असताना तो पाच मिनिटं काढून ठेवणं हाही एक उपाय आहे. हल्लीच्या पुष्कळ मॉडेलांत मात्र तो नसतोच.

आणि बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलाय, पाठ बसत नाहीये, झाकण मिटत नाहीये, तर तिथेच थांबा. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जर काढून लॅपटॉप फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब ठेवा आणि जाणकाराकडून काढून घ्या. घंटागाडीत ती टाकायची नाही. बॅटरीच्या कचऱ्यासाठी २०२२ पासून देशात वेगळे नियम आहेत आणि कंपन्यांना जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्या लागतात.

चहा, पाऊस आणि मुंग्या

लॅपटॉपवर चहा सांडला की माणूस पहिल्यांदा काय करतो? पुसतो आणि चालू होतो का बघतो. नेमकं तेच करायचं नाही. ओल्या बोर्डातून वीज गेली की तांब्याच्या बारीक रेषा काही मिनिटांत झिजायला लागतात. चार्जर काढा, बटण धरून बंद करा, झाकण पूर्ण उघडून लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा. पाणी असेल तर दोन दिवस चालू करू नका. साखर-दुधाचा चहा असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, चिकट थर राहतो आणि दमट हवेत तो वीज वाहतो. बोर्ड बाहेर काढून धुवायला द्यावाच लागतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने तांदळाचा कोंडा पोर्टात जातो, बाकी काही होत नाही. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

कोकणात सांडावं लागतंच असं नाही. समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल पुरते. कपाटात बंद ठेवलेल्या लॅपटॉपच्या डीसी जॅकपाशी हिरवट पूड दिसते ती तांब्याची. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी लॅपटॉप चालवा, त्याच्याच उबेने आतली ओल जाते. एसीच्या ऑफिसातून दमट हवेत आणलेला गार लॅपटॉप लगेच चालू करू नका, चष्म्यासारखा तोही आतून धूसर होतो. मुंग्यांचं तर काय सांगू! एकदा पाठ उघडली तर पंख्याशेजारी पांढऱ्या अंड्यांचा ढीग आणि मधून सैरावैरा पळणारी फौज. बोर्ड झाडून पुसला, लॅपटॉप चालू झाला.

विजा चमकत असताना चार्जर आणि लॅनची वायर दोन्ही काढा. लोक चार्जर काढतात आणि लॅन विसरतात. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून अर्थिंग तोडू नका. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बहुधा याच जोडामुळे.

दुकानात जाण्याआधी

आधी डेटाचा विचार करा. लॅपटॉप मेला तरी आतली डिस्क सहसा जिवंत असते. एम-डॉट-टू एसएसडी म्हणजे च्युइंगगमएवढी पातळ पट्टी, एका स्क्रूने धरलेली. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली की दुसऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखी उघडते. डबी घेताना एसएसडी एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा ते बघून घ्या, दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. अलीकडच्या मॅकबुकांत साठवण बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

आणि इथेच बिटलॉकर आडवा येतो. हल्ली बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ता नसतो. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून आजच बघा आणि वहीत लिहून ठेवा. किल्ली नसेल तर दुकानदार काय, खुद्द कंपनीही ती डिस्क उघडून देऊ शकत नाही.

बोर्डाची दुरुस्ती करायचीच असेल, तर 'चिप लेव्हल' काम करणारा माणूस शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली ही त्यासाठी पहिली ठिकाणं. गावातला दुकानदारही पुष्कळदा बोर्ड अशाच कोणाकडे पाठवतो. चांगला कारागीर 'बोर्ड गेला' एवढंच म्हणत नाही. बिघडलेल्या वाटेत तो एक-दोन व्होल्ट सोडतो आणि वर अल्कोहोल शिंपडतो. जिथलं अल्कोहोल सगळ्यांत आधी उडून जातं तो भाग तापतोय, म्हणजे शॉर्ट तिथे. कधी तांदळाच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर निघतो, कधी मोसफेट नावाचा वीज चालू-बंद करणारा भाग, कधी चार्जिंगचा आयसी. तेवढाच बदलतात आणि बोर्ड उठतो. म्हणून विचारा, "शॉर्ट कुठल्या लाइनला आहे?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर लॅपटॉप उचलून चालू पडा. माझा स्वतःचा हिशेब असा: दुरुस्तीचा खर्च त्याच मॉडेलच्या जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की डिस्क काढून घ्यायची आणि लॅपटॉपचा मोह सोडायचा.

देताना पावतीवर सीरियल नंबर, रॅम किती, एसएसडी किती आणि काय तक्रार, हे लिहून घ्या. एसएसडी सहज निघत असेल तर ती काढूनच द्या, बोर्डाच्या कामाला ती लागत नाही. पासवर्ड मागितला तर कशासाठी ते विचारा. बदललेला भाग परत मागा.

परत घेताना काउंटरवरच चालू करून बघा, एकदा चार्जर लावून, एकदा नुसत्या बॅटरीवर. झाकण मिटून उघडा, वायफाय जोडा, कीबोर्डची प्रत्येक कळ एकदा दाबा. मी एकदा घाईत एसटी गाठायची म्हणून तसाच घेऊन निघालो. घरी पोचून उघडला तेव्हा लॅपटॉप झकास चालू होता, फक्त टचपॅडची पट्टी जोडायची राहून गेली होती.